गादीच्या दुकानातली अडलेली पाकिटं

चिमी एका मोठ्या इस्पितळाचं सगळं नेटवर्क सांभाळायची. तिथे लोक तिला मॅडम म्हणायचे आणि ती खोलीत आली की खुर्ची पुढे करायचे. घरी मात्र ती चिमीच होती. केस पिकायला लागले तरी चिमीच. नात्यातल्या कोणाचंही वायर असलेलं काहीही बंद पडलं की ते चिमीचं काम, मग तो सर्व्हर असो की मिक्सर.

त्या दिवशी तिला सुट्टी होती. पाय वर घेऊन ती नुकती कुठे टेकली होती, तेवढ्यात काकांचा फोन आला.

"चिमे, पाकिटं अडकलीयत."

"कसली पाकिटं, काका?"

"आता मलाच विचार. तूच म्हणाली होतीस ना, त्या डब्यातून पाकिटं पुढून मागे जातात म्हणून. ती जात नाहीयेत. मी डबा उचलून, हलवून पण बघितला. आत काही खुळखुळत नाही."

"डब्याला हात लावू नका," चिमी म्हणाली आणि चपला शोधायला उठली.

काकांचं गाद्यांचं दुकान होतं. म्हणजे काकांचं आणि आत्याचं. पुढे दुकान, मागे कारखाना, त्यातच गोदाम, आणि दोघांच्या मध्ये एक अरुंद बोळ. पूर्वी दोघं भावंडं दिवसभर त्या बोळातून ये-जा करायची. मग ती घोरण्याची भानगड झाली.

झालं होतं असं, की एका दुपारी काका दुकानातल्या नमुन्याच्या गादीवर जरा लवंडले आणि त्यांचा डोळा लागला. काकांचं घोरणं साधंसुधं नाही. ट्रक चढणीला लागल्यावर जसा आवाज काढतो तसं ते आधी गिअर बदलतात, मग धापा टाकतात. नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक आलं. मागून आत्या आली, तिने हातातली मापाची टेप काकांच्या तळपायाला टोचली आणि गिऱ्हाइकासमोर त्यांना उठवलं. गिऱ्हाइकाने तीच गादी घेतली. भांडण खरं तर इथे सुरू झालं. काकांचं म्हणणं, गादी त्यांच्या घोरण्यामुळे खपली, इतकी गाढ झोप बघून माणूस आणखी काय विचारणार. आत्याचं म्हणणं, गादी घोरणं ऐकूनही खपली, कारण शिलाई तिची होती. शब्दाने शब्द वाढला आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. काका पुढे, आत्या मागे. निरोप असला की बोळात बसणाऱ्या कारकूनबाईंमार्फत.

कारकूनबाई या निरोपांनी मेटाकुटीला आल्या होत्या. "त्यांना म्हणावं" आणि "तिला म्हणावं" ऐकून ऐकून त्या घरीसुद्धा नवऱ्याला "तुम्हाला म्हणावं, जेवायला या" असं म्हणायला लागल्या होत्या.

अबोला धरल्यावर दोघांना नेटवर्कही वेगवेगळं हवं झालं. काका म्हणाले, तिच्या मशीनचं लचांड माझ्या कॉम्प्युटरला नको. आत्या म्हणाली, त्याच्या मोबाइलवरच्या भंगार जाहिराती माझ्या शिलाईत नकोत. तेव्हा चिमीने एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि बोळातल्या फळीवर, कारकूनबाईंच्या डोक्याच्या बरोब्बर वर, तो बसवला. त्याला तीन तोंडं दिली. एक दुकानाकडे, एक कारखान्याकडे आणि एक बाहेर इंटरनेटकडे. कोणाचं काय कोणाकडे जाऊ द्यायचं, हे ठरवणारा फायरवॉल त्याच्यावर होता. थोडक्यात, जे काम खाली कारकूनबाई करायच्या तेच वर हा डबा करायचा, फक्त उसासे न टाकता.

चिमी पोचली तेव्हा काका गल्ल्यामागे हाताची घडी घालून बसले होते.

"ऑर्डर पाठवली की गोल गोल फिरतं आणि लाल अक्षरात काहीतरी येतं," ते म्हणाले. "मागे गेलीच नाही म्हणतो. ती मुद्दाम घेत नसेल."

"आत्या असं कसं करेल? तिथे कॉम्प्युटर घेतो ऑर्डर."

"तिच्या हाताखालचा कॉम्प्युटर आहे तो. गुण लागणारच."

चिमी बोळात गेली. कारकूनबाईंनी तिच्यासाठी स्टूल सरकवलं आणि कीबोर्डवरचा कापूस फुंकून उडवला. तिथे सगळ्यावरच कापूस असायचा, बाईंच्या भुवयांवरसुद्धा.

आधी तिने दुकानाच्या कॉम्प्युटरवरून डब्याला हाक मारून बघितली. ओ मिळाली. कारखान्याच्या कॉम्प्युटरवरूनही ओ मिळाली. पण दुकानातून थेट कारखान्याला हाक मारली की सगळं चिडीचूप. म्हणजे दोघंही डब्याशी बोलत होते, एकमेकांशी नाही.

"म्हणजे आमच्यासारखंच," कारकूनबाई म्हणाल्या.

एका तोंडातून आलेलं पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, दुसऱ्या तोंडातून सोडायचं की नाही, याचं लिनक्समध्ये एक मुख्य बटण असतं. ते चालू होतं. मग चिमीने स्क्रीनवर दोन खिडक्या उघडल्या, एकीत डब्याचं पुढचं तोंड, दुसरीत मागचं, आणि काकांना ओरडून सांगितलं, "काका, पाठवा एक ऑर्डर."

पुढच्या खिडकीत पाकीट आलेलं दिसलं. मागच्या खिडकीतून ते बाहेर पडलेलंही दिसलं. शिवाय कारखान्याच्या कॉम्प्युटरचं उत्तरही मागच्या तोंडाशी आलेलं दिसलं, पोचलं म्हणून. पण ते पुढे काही जाईना. डब्यातच गडप होत होतं.

चिमीने फायरवॉलचे नियम डोळ्यांसमोर घेतले. तिने नियम घातला होता, की पुढून कोणी काही विचारलं तर त्याचं उत्तर मागून येऊ द्यावं. तो जागच्या जागी होता. पण त्याच्याही डोक्यावर एक नवाच नियम येऊन बसला होता: मागून पुढे येणारं सगळं टाकून द्या. नियम वरून खाली वाचले जातात, त्यामुळे खालच्या बिचाऱ्याची पाळीच येत नव्हती. काकांनी पुन्हा ऑर्डर पाठवली तसा त्या वरच्या नियमापुढचा आकडा वाढला.

"काका," चिमीने विचारलं, "तुम्ही या फायरवॉलच्या पानावर काही दाबलंत?"

"मी कशाला दाबू?"

"'मागून पुढे: बंद' असं काही?"

काका गल्ल्यामागून उठून बोळाच्या तोंडाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "ते होय. ते दाबलं. तूच दिलं होतंस ते पान, लागलं तर वापरा म्हणून. मागून रोज काहीतरी यायचं. फोम संपला, दोरा संपला, मापं नीट लिहा. मला नको होतं तिचं काही."

"पण मग उत्तर कसं येणार?"

"उत्तर कोणाला हवंय? मी ऑर्डर देतोय, तिने ती घ्यावी."

"काका, ऑर्डर गेली की 'मिळाली' एवढं तरी मागून यावं लागतं. ते आलं नाही तर तुमचा कॉम्प्युटर समजतो की पलीकडे कोणी नाहीच."

"कोणी नाहीच असं समजायला काय हरकत आहे," काका म्हणाले, पण तितक्या जोराने नाही.

चिमीने तो नियम काढला आणि बदल पक्का करून ठेवला. काकांनी ऑर्डर पाठवली, हिरवं झालं, मागे प्रिंटर घरघरला. आता चहा घ्यावा आणि घरी जावं, असं तिच्या मनात होतं. पण काकांनी तिला खांद्याला धरून कोपऱ्यात घेतलं.

"आणखी एक काम आहे. मागच्या गोदामात तो कॅमेरा आहे ना, चोरांसाठी लावलेला? तो माझ्या मोबाइलवर दिसायला हवा. कुठेही असलो तरी."

"कशाला?"

"गाद्या तयार झाल्या की नाही ते बघायला."

"आत्याला विचारा की."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना नमुन्याच्या गादीवर उभं राहून नाचायला सांगितलं होतं.

आता काम सोपं होतं. बाहेरून डब्याच्या एका ठरावीक दारावर कोणी आलं, तर त्याला आत कॅमेऱ्याकडे पोचवायचं. असाच एक नियम आधीपासून होता, दुकानातून आलेलं कारखान्याच्या प्रिंटरकडे पोचवणारा. चिमीने तीच ओळ उचलली, तिची नक्कल केली आणि बाहेरचं दार बदललं. आतला पत्ता बदलणार, तेवढ्यात कारकूनबाईंनी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि विचारलं, "चिमीताई, इस्पितळात एखादी जागा आहे का हो? जिथे कोणी कोणाशी बोलत नाही अशी?" चिमीला हसू आलं, चहा सांडता सांडता वाचला आणि तिने बोट टेकवलं ते थेट 'लागू करा'वर. आतला पत्ता प्रिंटरचाच राहिला.

"झालं," तिने काकांना सांगितलं. "दुकानाचं वायफाय बंद करा, मोबाइलच्या नेटवर बघा."

काकांनी दाबलं. नुसतं पांढरं. पुन्हा दाबलं. पांढरंच.

"थोडा वेळ लागतो कधीकधी," चिमी म्हणाली. हे वाक्य ती इस्पितळातही रोज वापरायची. "मी तोवर मागे आत्याला भेटून येते."

पण तेवढ्यात इस्पितळातून फोन आला आणि ती बोलत बोलत बाहेर फुटपाथवर गेली. काका दाबत राहिले. काकांना एक खोड होती, लिफ्टचं बटणसुद्धा ते लिफ्ट येईपर्यंत दाबायचे.

मागे कारखान्यात आत्या एका जाडजूड गादीला टाके घालत होती. प्रिंटर आपला आपण घरघरला आणि एक कागद बाहेर आला. वर पाच-सहा ओळी, खाली सगळा कोरा. ऑर्डर असेल म्हणून तिने तो उचलला, चष्मा वर सरकवला, खाली केला. माप नाही, गिऱ्हाइकाचं नाव नाही, सगळं इंग्रजीत. तिने कारकूनबाईंना हाक मारली.

"वाचा बरं. त्यांचं काय म्हणणं आहे आता?"

कारकूनबाईंनी कागद लांब धरला. "गेट, असं लिहिलंय."

"गेटचं काय?"

"काही नाही. नुसतं गेट. मग होस्ट. होस्ट म्हणजे यजमान."

"यजमान म्हणे. पुढे?"

"पुढे त्यांच्या मोबाइलचं नाव आहे. तोच तो, मागच्या बाजूला तडा गेलेला. मग अ‍ॅक्सेप्ट. म्हणजे स्वीकार करा."

आत्याची सुई थांबली.

"मग भाषा: मराठी, असं आहे."

"भाषा मराठी आणि लिहिलंय सगळं इंग्रजीत. हा लहानपणापासून असाच. आणखी?"

कारकूनबाई शेवटच्या ओळीपाशी आल्या आणि घसा खाकरला. "कनेक्शन: कीप अलाइव्ह."

"म्हणजे?"

"म्हणजे..." कारकूनबाईंनी कागद पोटाशी धरला. "संबंध जिवंत ठेवा."

मशीन चालवणाऱ्या दोघीतिघींनी पायाखालचं पॅडल सोडलं. एवढ्यात प्रिंटर पुन्हा घरघरला आणि दुसरा कागद आला. तोच मजकूर. मग तिसरा. बघता बघता कागद खाली जमिनीवर पडायला लागले आणि प्रत्येकाच्या तळाशी तेच, संबंध जिवंत ठेवा.

आत्याचं नाक लाल झालं. "वर्षभर तोंडातून शब्द नाही आणि आता बघा," ती म्हणाली. "तोंडाने बोलायची लाज वाटते म्हणून मशीनमधून पाठवतोय. ते पण इंग्रजीत, मला कळू नये म्हणून."

"कळावं म्हणूनच पाठवतायत की," कारकूनबाई म्हणाल्या.

आत्याने सुई गादीत खोचली, कागद गोळा केले आणि बोळातून थेट पुढे निघाली. घोरण्याच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच तो बोळ ओलांडत होती. कारकूनबाई मागोमाग आणि त्यांच्या मागे मशीनवरच्या सगळ्या जणी.

चिमी फोन संपवून दुकानात शिरली ती नेमकी याच वेळी. काका मोबाइलमध्ये डोकं घालून दाबत होते. समोर आत्या कागदांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. काकांनी मान वर केली आणि ते पटकन उभे राहिले. आता कॅमेऱ्यावरून आपली खरडपट्टी निघणार, हे त्यांनी ओळखलं.

"मिळालं मला," आत्या म्हणाली. "एकदा पाठवलं असतंस तरी चाललं असतं."

"एकदा होत नव्हतं ना," काका म्हणाले. "म्हणून पुन्हा पुन्हा करत होतो."

"कधीपासून मनात होतं तुझ्या?"

"बरेच दिवस झाले. पण ही आज आली, म्हटलं आज करूनच टाकू."

"आणि मागे येऊन नसतं सांगता आलं?"

"तू काय म्हणशील असं वाटलं. म्हटलं, इथूनच गुपचूप दिसलं तर बरं."

"काय दिसलं तर?"

"तू मागे काय करतेयस ते," काकांनी खरं ते सांगून टाकलं. "सारखं डोळ्यांसमोर असलेलं बरं वाटतं."

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काका हबकले. तिला एवढं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "ताई, तुला नको असेल तर बंद करतो," ते घाईघाईने म्हणाले. "चिमी काढून टाकेल लगेच."

"खबरदार बंद केलंस तर," आत्या म्हणाली आणि तिने काकांचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर दाबलं. काकांना काही कळेना, पण बहिणीने वर्षभरात पहिल्यांदाच जवळ घेतलं होतं, तेव्हा मोडता घालण्यात अर्थ नव्हता. तेही रडायला लागले. त्यांना रडू आलं की घोरण्यासारखाच आवाज येतो.

चिमीने आत्याच्या हातातला एक कागद हळूच ओढून बघितला. गेट. होस्ट. अ‍ॅक्सेप्ट. ती बोळात पळाली, नियम उघडला आणि आतल्या पत्त्यावर बोट ठेवलं. मोबाइल कॅमेऱ्याकडे पान मागत होता, डबा ती मागणी इमानेइतबारे प्रिंटरला नेऊन देत होता आणि प्रिंटर बिचारा मिळेल ते छापत होता.

कारकूनबाई तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "चुकलंय का काही?"

"सगळंच," चिमी म्हणाली. "ते निरोप नव्हते, बाई. कोणताही मोबाइल कोणतंही पान मागताना असंच लिहितो."

कारकूनबाईंनी पुढे वाकून दुकानात पाहिलं. आत्या पदराने काकांचं नाक पुसत होती. "मग आता नका बोलू," त्या म्हणाल्या. "हात जोडते."

चिमीलाही तेच बरं वाटलं असतं. पण तेवढ्यात मागे प्रिंटर पुन्हा घरघरला, आणि काकांचा मोबाइल तर गल्ल्यावर पालथा पडला होता. इंटरनेटवर उघडं दार दिसलं की कुठली कुठली यंत्रं येऊन ते ठोठावतात, हे चिमीला ठाऊक होतं. मशीनवरची एक जण धावत मागे जाऊन कागद घेऊन आली. त्यावर मोबाइलचं नाव नव्हतं, भाषा नव्हती. फक्त लॉगिन आणि अ‍ॅडमिन, आणि खाली कनेक्शन: क्लोज.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हा दुसराच कोणीतरी आहे. हा संबंध बंद करा म्हणतोय."

आत्याने नाक ओढलं. "हा कोण?"

सगळ्यांनी चिमीकडे बघितलं. आता लपवून चालण्यासारखं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. कॅमेरा, दार, नक्कल केलेली ओळ, चहा, राहून गेलेला पत्ता. काका मान डोलवत ऐकत होते, पण त्यांना एवढंच कळलं की दोष त्यांचा नाही. आत्याने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"हे कागद कोणाच्या फोनवरून आले?"

"काकांच्या. पण आत्या, शब्द त्यांचे नाहीत. फोन आपोआप..."

"फोन आपोआप दाबला जात होता?"

"नाही. दाबत काकाच होते."

"माझ्याकडे बघायला?"

"म्हणजे, गोदामाकडे."

"गोदामात मीच असते," आत्या म्हणाली. "मग झालं तर. त्याने पाठवलं, मला मिळालं. मध्ये कोणी काय लिहिलं ते मला नको सांगूस."

फायरवॉलच्या कोणत्याही नियमात न बसणारं हे उत्तर होतं. चिमीने बोळात जाऊन बाहेरचं ते दार बंद केलं, नियम पुसला आणि प्रिंटरमध्ये तुंबलेला परक्यांचा मजकूर रद्द केला. कॅमेऱ्यासाठी तिने वेगळी, कुलूपबंद वाट करून दिली. काकांच्या मोबाइलवर गोदाम दिसायला लागलं. गाद्यांची थप्पी, खांब, दिवा. काकांनी ते डोळे बारीक करून बघितलं आणि मोबाइल खिशात टाकला.

"थप्पी वाकडी लागलीय," ते आत्याला म्हणाले.

"वाकडी कॅमेऱ्यात दिसते. कॅमेराच वाकडा आहे."

"कॅमेरा मी लावलाय. पातळी बघून."

"मग तुझी पातळी वाकडी."

"चल, दाखवतो," काका म्हणाले आणि दोघं तावातावाने बोलत बोळातून मागे निघाले. बोळ अरुंद, दोघांचीही अंगं भरलेली, त्यामुळे मध्येच दोघं अडकले. आधी तू मागे हो, नाही तू, अशी थोडी हुज्जत झाली. शेवटी कारकूनबाईंनी मागून रेटा दिला तेव्हा ते पलीकडे निघाले.

दुकानात एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं. पुढे कोणीच नाही हे बघून चिमी गल्ल्यामागे गेली.

"मऊ हवी की कडक?" तिने विचारलं.